गुरुजी नसलेलं विद्यापीठ : ब्रिटनच्या 'यू थ्री ए'चं प्रकरण

इंग्लंडमधल्या कुठल्याही मध्यम गावातल्या 'यू थ्री ए'च्या, म्हणजे निवृत्तांनी एकमेकांना शिकवण्यासाठी चालवलेल्या विद्यापीठाच्या, शाखेचं वार्तापत्र हातात घ्या. थोड्याफार फरकानं मजकूर तोच. फ्रेंच संभाषणाच्या गटात दोन जागा रिकाम्या आहेत. भूगर्भशास्त्राची मंडळी या महिन्यात जुन्या खाणीवर जाणार, जाड तळव्याचे बूट घालून या. युकुलेले हे छोट्या गिटारसारखं वाद्य शिकणाऱ्यांचा दुसरा गट काढावा लागणार, कारण ज्यांच्या घरी पहिला गट बसतो त्यांच्या दिवाणखान्यात आता खुर्ची ठेवायलाही जागा उरलेली नाही. नाट्यवाचन, पक्षिनिरीक्षण, घराण्याचा इतिहास शोधणं, पत्त्यांतला ब्रिज, दर महिन्याचं एक व्याख्यान आणि त्यानंतरचा चहा. मग शेवटच्या पानावर एक ओळ: आपले खजिनदार पद सोडत आहेत, कोणी तयार असल्यास कृपया कळवावे.

हे प्रकरण मला सांगायचं आहे ते या शेवटच्या ओळीमुळे. मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहा वर्षं चिटणीस होते. आमच्या संघात ही ओळ कधी छापावी लागली नाही. आमच्या अडचणी वेगळ्या, त्यांच्या वेगळ्या, आणि दोन्ही शेजारी ठेवल्या की एकमेकींवर बराच उजेड पडतो.

'यू थ्री ए' म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज, तिसऱ्या वयाचं विद्यापीठ. नाव भारदस्त आहे, पण त्यात ना कुलगुरू, ना परीक्षा, ना पदवी, ना पगारी प्राध्यापक. ब्रिटनमध्ये अशा हजाराहून जास्त शाखा आहेत आणि सभासद चार लाखांच्या घरात. हे सगळं नोकरी संपलेल्या माणसांनी एकमेकांना शिकवायचं ठरवलं त्यातून उभं राहिलं. ते कसं ठरलं आणि ठरवताना काय सुटलं, एवढंच हे प्रकरण.

तुलूझहून केंब्रिजला

मूळ कल्पना फ्रेंच. 1973 साली तुलूझच्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक पिएर व्हेलास यांनी निवृत्त लोकांसाठी विद्यापीठाची दारं उघडली. साधा अर्ज भरायचा, थोडी फी द्यायची आणि प्राध्यापकांची व्याख्यानं ऐकायला येऊन बसायचं. शिकवणारे विद्यापीठाचे, वर्ग विद्यापीठाचे, वेळापत्रकही विद्यापीठाचंच. कल्पना वेगानं पसरली. बेल्जियम, स्वित्झर्लंड, पोलंड, इटली, सगळीकडे विद्यापीठांच्या आधारानं असे वर्ग निघाले.

ब्रिटनमध्ये ती पोचली 1981 साली, आणि मुहूर्त अगदी वाईट होता. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारी अनुदान वाटणाऱ्या समितीनं विद्यापीठांच्या पैशाला जबर कात्री लावली. ज्यांना आपले तरुण विद्यार्थी आणि प्राध्यापक सांभाळायची भ्रांत पडलेली, त्यांच्या दारात 'आमच्या आजोबांनाही शिकवा' म्हणून कोण उभं राहणार? तशी शिकायची सोय देशात अजिबात नव्हती असं नाही. पत्रानं आणि रेडिओ-टीव्हीवरून शिकवणारं ओपन युनिव्हर्सिटी 1971 पासून विद्यार्थी घेत होतं. पण तिथे जायचं ते पदवीसाठी. नगरपालिकांचे संध्याकाळचे वर्गही होते. डिसेंबरात इंग्लंडमध्ये चार वाजता अंधार पडतो, रस्ते निसरडे होतात. सत्तरीच्या माणसाला संध्याकाळी सातच्या वर्गाला बोलावणं म्हणजे न बोलावण्यासारखंच.

या वेळी तीन माणसं पुढे आली. पहिले पीटर लॅस्लेट, केंब्रिजचे इतिहासकार. दुसरे मायकेल यंग, समाजशास्त्रज्ञ, ग्राहक चळवळीपासून ओपन युनिव्हर्सिटीपर्यंत अनेक संस्थांच्या जन्माशी नाव जोडलेला माणूस. दोघांचा जन्म 1915 चा, म्हणजे दोघेही तेव्हा साठी ओलांडलेले. तिसरे एरिक मिडविंटर, वयानं बरेच लहान, पण वृद्धत्वाच्या धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे संचालक. मिडविंटर बीबीसी रेडिओवर या कल्पनेबद्दल बोलले आणि शेकडो पत्रं आली. नफिल्ड फाउंडेशननं छोटं अनुदान दिलं. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत केंब्रिजमध्ये आठवडाभराचा एक प्रयोग झाला. मग गावोगावी शाखा निघू लागल्या आणि त्यांना बांधून ठेवणारी थर्ड एज ट्रस्ट ही संस्था उभी राहिली.

यातला लॅस्लेट हा माणूस मला सगळ्यात रोचक वाटतो. त्यांचं आयुष्य गेलं चर्चच्या जुन्या नोंदवह्या वाचण्यात. कोणत्या गावात कोण कधी जन्मलं, लग्न कधी केलं, एका घरात किती माणसं राहत होती. जुन्या इंग्लंडमध्ये सगळे मोठ्या एकत्र कुटुंबात राहत होते हा सरसकट समज त्यांनी आकड्यांनी खोडून काढला. अशा माणसाला एक गोष्ट इतरांआधी दिसली. नोकरी संपल्यावरही धडधाकट राहिलेली पंधरा-वीस वर्षं, आणि तीही थोड्या भाग्यवंतांना नव्हे तर बहुसंख्यांना, असं मानवी इतिहासात पूर्वी कधी घडलेलं नव्हतं. जुन्या नोंदवह्यांमध्ये या वर्षांसाठी रकानाच नव्हता. म्हणून त्यांनी आयुष्याचे चार भाग पाडले. पहिला शिकण्याचा आणि दुसऱ्यावर अवलंबून राहण्याचा, दुसरा कमावण्याचा आणि जबाबदाऱ्यांचा, तिसरा स्वतःच्या मनासारखं जगण्याचा, चौथा अखेरच्या परावलंबनाचा. पुढे 1989 साली त्यांनी यावर पुस्तकच लिहिलं.

हे वाचताना आपल्याला लगेच आश्रम आठवतात: ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास. मलाही आठवले, आणि मी आमच्या संघातल्या एका भाषणात ते जुळवूनही टाकले होते. आता ती चूक वाटते. वानप्रस्थी माणूस गाव सोडून जातो, घरातून लक्ष काढून घेतो. लॅस्लेटांचा तिसऱ्या वयातला माणूस गावातच राहतो, त्याच चौकात, आणि गावानं त्याच्यावर केलेला खर्च गावाला परत करतो. दोन्हींत आकडा चारचा, एवढंच साम्य.

दिवाणखान्यातला वर्ग

विद्यापीठं दार उघडणार नव्हती. मग विद्यापीठाशिवायच करायचं असं या मंडळींनी ठरवलं. याला नाइलाज म्हणता येईल, पण लॅस्लेटांनी त्याचं तत्त्व करून टाकलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. निवृत्त लोकांच्या कुठल्याही सभेत पाहा: शिक्षक असतात, परिचारिका असतात, इंजिनिअर, रेल्वेचे लोक, बागा सांभाळलेले, हिशेब लिहिलेले. ज्ञान आधीच खोलीत येऊन बसलेलं आहे, मग बाहेरून कोणाला कशाला बोलवायचं? जो शिकवेल त्यानं शिकावंही आणि जो शिकेल त्यानं शिकवावंही. शिकवण्याचे पैसे कोणाला मिळणार नाहीत. येण्यासाठी पात्रता लागणार नाही, जाताना प्रमाणपत्र मिळणार नाही.

'युनिव्हर्सिटी' या शब्दावर मात्र ते अडून राहिले. मध्ययुगात या शब्दाचा अर्थ एकाच गोष्टीचा ध्यास घेतलेल्या माणसांचा संघ असा होता, इमारत किंवा पदवी नंतर आली. तर्क बिनतोड आहे, पण सर्वसामान्य माणूस मध्ययुगाचा विचार करून दारात येत नाही. शाळा अर्धवट सुटलेले कितीतरी लोक 'विद्यापीठ आपल्यासाठी नाही' म्हणत दारातूनच परत फिरले असणार. ही तक्रार चळवळीच्या आतूनच वर्षानुवर्षं होत राहिली. अलीकडे त्यांनी नाव लहान अक्षरांत, नुसतं 'यू थ्री ए' असं वापरायला सुरुवात केली आहे, ते लांबलचक नाव उलगडून न सांगता.

तत्त्व कागदावर सोपं असतं. ते चालतं कसं, ते पाहण्यासारखं आहे.

शाखेचा सभासद व्हायचं, वर्षाची थोडी वर्गणी भरायची. मग वेगवेगळ्या विषयांच्या गटांपैकी हवे तेवढे निवडायचे. प्रत्येक गटाचा एक प्रमुख असतो. गट भरतो आठवड्याला, पंधरा दिवसांनी किंवा महिन्याला, बहुतेक दिवसाउजेडी, आणि लहान असेल तर कोणाच्या तरी घरीच. गटाचा आकार ठरतो तो दिवाणखान्यावर. आठ-दहा खुर्च्या बसतात, म्हणून आठ-दहा माणसं. मोठा गट वाचनालयात किंवा चर्चच्या सभागृहात जमतो, भाडं आणि चहाचे पैसे तिथल्या तिथे वाटून घेतात.

विषय कोण ठरवतं? कोणीच नाही, म्हणजे सगळे. एखाद्याला एखादी गोष्ट येते आणि शिकवायची हौस आहे, तर गट निघतो. पण जास्त मजेशीर प्रकार दुसरा. कोणालाच नीट येत नाही, पण पाच-सात जणांना शिकायचं आहे, तरीही गट निघतो. गावातल्या जुन्या कालव्यांचा इतिहास घ्या. तज्ज्ञ कोणी नाही. मग पहिल्या महिन्यात एकानं कालवा खणला तेव्हाचे नकाशे पाहून यायचं, दुसऱ्यानं नावाड्यांच्या कुटुंबांबद्दल वाचून यायचं, तिसऱ्यानं रेल्वे आल्यावर कालव्यांचं काय झालं ते सांगायचं. वर्षाअखेर गटातल्या प्रत्येकानं एकदा तरी उभं राहून बोललेलं असतं. आयुष्यभर रुग्णालयात रात्रपाळ्या केलेली बाई वीस मिनिटं कालव्यांच्या दारांबद्दल बोलते आणि लोक वहीत लिहून घेतात. माझ्या मते या चळवळीचं खरं कर्तृत्व इथे आहे. ऐकणाऱ्या माणसाला त्यांनी बोलायला उभं केलं.

गट भरला की प्रतीक्षा यादी लागते. प्रतीक्षा यादीवरच्यांना एकच सल्ला मिळतो: तुम्हीच दुसरा गट सुरू करा. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ते उद्धट वाटलं होतं. नंतर लक्षात आलं की सगळी वाढ याच एका उत्तरावर झालेली आहे.

दोष आहेतच. शिकवणाऱ्याला तपासणारा कोणी नाही. इतिहासाच्या गटाचा प्रमुख दहा वर्षं चुकीचा इतिहास ठासून सांगू शकतो, त्याला थोपवणारी यंत्रणा नाही. लोक फक्त यायचे थांबतात. शिवाय ज्यांना लहानपणापासून बोलायची सवय आहे तेच इथे रमतात अशी टीका अभ्यासकांनी केली आहे आणि ती बरोबर आहे. सभासदांत निवृत्त शिक्षक आणि मध्यमवर्गीय भरपूर, कारखान्यात राबलेले कमी, दुसऱ्या देशांतून येऊन स्थायिक झालेले आणखी कमी. बायकांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच जास्त आहे. याला कोणी दोष म्हणतात. मी म्हणणार नाही.

याच सुमारास इतरत्र काय झालं तेही थोडक्यात. 1983 मध्ये चीनमध्ये शानडोंगच्या जिनान शहरात ज्येष्ठांचं विद्यापीठ निघालं, तिथे सरकारचा हात मोठा. 1984 मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियातलं पहिलं यू थ्री ए निघालं, ते ब्रिटिश पद्धतीचं. म्हणजे तीन वाटा: फ्रान्समध्ये विद्यापीठ चालवतं, चीनमध्ये सरकार, ब्रिटनमध्ये सभासद. पैशाच्या दृष्टीनं तिसरी वाट सगळ्यात स्वस्त. सभासदांच्या अंगावर मात्र तीच सगळ्यात जास्त पडते.

वसंत व्याख्यानमाला आणि भजनी मंडळ

आमच्या संघात गुरुवारी व्याख्यान असतं. साडेपाचला सुरू होणार म्हणून पावणेसहाला सुरू होतं. प्रार्थना, त्या आठवड्याचे वाढदिवस, गुलाबाचं फूल, पाहुण्यांचा परिचय, नारळ आणि शाल, मग पाऊण तास भाषण. विषय बहुतेक मधुमेह, मृत्युपत्र, गीता किंवा गुंतवणूक. पुढच्या दोन रांगा ऐकतात, मधल्या डुलक्या घेतात, मागच्या रांगेत बाहेरगावच्या सुनेचा विषय चाललेला असतो. आभार, राष्ट्रगीत, चहा. मी स्वतः अशी दीडशे तरी व्याख्यानं ठरवली असतील, तेव्हा हे चेष्टेनं लिहीत नाही. वर्षातून दोन सहली, कोजागिरी, 1 ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन, आणि मार्च 2020 मध्ये बंद झालेली रेल्वेची सवलत परत मिळावी म्हणून निवेदनं. महाराष्ट्रात गावोगाव असे संघ आहेत, त्यांचा महासंघ फेस्कॉमही आहे, आणि पेन्शन, प्रवास, आरोग्य यांसाठी त्यांनी केलेलं काम खरंच मोठं आहे.

पण शिकण्याचं काय? आपण शिकणं म्हणजे ऐकणं असं धरून चाललो आहोत, आणि याला इतिहास आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं 1875 मध्ये सुरू झाली. त्या काळी ज्ञान थोड्यांकडे होतं आणि ऐकणारे पुष्कळ होते, तेव्हा व्यासपीठ आणि समोर सतरंजी हीच मांडणी योग्य होती. आज आमच्या सतरंजीवर, म्हणजे आता प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, बसलेले निम्मे लोक व्यासपीठावरच्या पाहुण्याइतकेच शिकलेले असतात. मांडणी मात्र तीच राहिली.

लॅस्लेटांची पद्धत आपल्याकडे नव्हती असं मात्र म्हणता येत नाही. भजनी मंडळ घ्या. दर आठवड्याला एकीच्या घरी, पेटी एकीला येते, टाळ सगळ्यांना, नवा अभंग आला की जिला चाल माहीत आहे ती बसवून घेते. मानधन नाही, प्रमाणपत्र नाही, पाहुणी नाही. आमच्या गल्लीतल्या मंडळात एक आजी अक्षर न वाचता शंभरच्या वर अभंग म्हणत, आणि निवृत्त मुख्याध्यापिका त्यांच्याकडून चाल शिकत. जी शिकवते ती शिकतेही, हे तत्त्व केंब्रिजमध्ये लिहिलं जाण्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या ओसरीवर बसलेलं होतं. फक्त त्याला कोणी शिक्षण म्हटलं नाही. बायकांचं देवाचं, एवढीच त्याची नोंद.

दुसरं उदाहरण अलीकडचं. नोव्हेंबर आला की पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. आता तो मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो, पण चष्मा, प्रकाश, आधारवरचा जुना फोटो यांमुळे ॲप काही केल्या ऐकत नाही. आमच्याकडे एक निवृत्त बँक कर्मचारी संघाच्या खिडकीजवळ खुर्ची टाकून बसले. उजेड इकडून येऊ द्या, डोळे मिटून उघडा, हलू नका. दोन दिवसांत त्यांच्याकडून शिकलेले चार जण इतरांचे दाखले काढून देऊ लागले. त्या वर्षातल्या कुठल्याही व्याख्यानाला तेवढी गर्दी झाली नव्हती. आणि वार्षिक अहवालात मी त्याची नोंद काय केली? 'सभासदांना सहकार्य.' व्याख्यानांची यादी मात्र दोन पानं.

खजिनदार हवा आहे

आता त्या शेवटच्या पानावरच्या ओळीकडे.

ब्रिटनमध्ये यू थ्री एच्या काही शाखा बंद होतात. सभासद संपले म्हणून नाही. कित्येकदा गट व्यवस्थित चाललेले असतात, लोक येत असतात, बँकेत पैसे असतात. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार या तीन खुर्च्यांवर बसायला कोणी तयार होत नाही, आणि घटनेनुसार ती पदं भरल्याशिवाय शाखा चालू शकत नाही. मग अध्यक्ष पत्र पाठवतात: वार्षिक सभेपर्यंत कोणी पुढे आलं नाही तर विसर्जनाचा ठराव मांडावा लागेल. बऱ्याच ठिकाणी अगदी शेवटच्या क्षणी एक हात वर येतो. काही ठिकाणी येत नाही, आणि मंडळी शेजारच्या गावच्या शाखेत जातात.

असं का होतं? मला चार-पाच कारणं दिसतात, आणि ती सारख्या वजनाची नाहीत.

सगळ्यात मोठं कारण वयाचं आहे. चळवळ सुरू झाली तेव्हा ब्रिटनमध्ये बायकांना साठीला सरकारी पेन्शन मिळत असे, पुरुषांना पासष्टीला. साठीची ताजीतवानी बाई दोन महिने विश्रांती घ्यायची आणि मग शाखेचं काम अंगावर घ्यायची. 2010 पासून बायकांचं हे वय टप्प्याटप्प्यानं वाढवत नेलं. 2018 च्या अखेरीस ते पासष्ट झालं आणि 2020 च्या ऑक्टोबरपर्यंत दोघांसाठीही सहासष्ट. म्हणजे शाखेचा गाडा ओढणारी जी साठ ते पासष्टची फळी होती ती अजून कामावर आहे. ती येते तेव्हा आधीच थकलेली असते, शिवाय नातवंडांना शाळेतून आणायची जबाबदारी अंगावर असते, कारण मुलगी आणि सूनही कामावर. लॅस्लेटांच्या नकाशातलं तिसरं वय दोन्ही बाजूंनी खाल्लं जातंय.

दुसरं, काम वाढलं. चार मित्रांचा गट स्वयंपाकघरातल्या टेबलावरून चालतो. शाखा शेकड्यांत गेली की सभासदांची यादी, वर्गण्या, विमा, सभागृहांचं आरक्षण, हिशेब तपासणी, सगळं आलं. 2018 मध्ये माहितीच्या सुरक्षेचा नवा कायदा आला, त्याचे आणखी कागद. शाखा धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असेल तर कार्यकारिणीतला प्रत्येक जण कायद्यानं विश्वस्त ठरतो. 'विश्वस्त म्हणून तुमची जबाबदारी' असं लिहिलेलं पत्रक हातात पडलं की उठलेला हात खाली येतो. सभासदांनीच मिळून यादी आणि हिशेब सांभाळणारी एक संगणक प्रणाली बनवली, तिला 'बीकन' म्हणतात. खूप शाखा ती वापरतात. पण ती वापरायलाही कोणी तरी शिकावं लागतंच.

करोनाबद्दल लांबण लावत नाही. 2020 च्या मार्चमध्ये दिवाणखाने बंद झाले, गट झूमवर गेले, पूर्ण ऑनलाइन शाखाही निघाली. पुष्कळ लोक परत आले, बरेच आले नाहीत. जे आले ते दोन-तीन वर्षांनी म्हातारे होऊन आले.

आणि एक कारण असं आहे की जे त्यांच्या अहवालांत मला सापडलं नाही, पण सहा वर्षं चिटणीस राहिल्यावर माझा त्यावर विश्वास आहे. संस्थापकांनी शिकवण्याचा मान सगळ्यांत वाटून टाकला, कारकुनीचा मान मात्र कोणालाच दिला नाही. कालव्यावर वीस मिनिटं बोललेल्या बाईला टाळ्या मिळतात. त्या दिवशी सभागृहाची चावी आणणाऱ्याला, दुधाचे पैसे देणाऱ्याला आणि हजेरी लिहिणाऱ्याला काय मिळतं? ज्ञान वाटून घेतलं की काम आपोआप वाटलं जाईल असं त्यांनी गृहीत धरलं होतं. तसं होत नाही. ज्ञान द्यायला माणूस उत्सुक असतो, इतिवृत्त लिहायला नसतो.

आमच्याकडे नेमकं उलटं. अध्यक्षपदासाठी गेल्या खेपेला तीन उमेदवार होते आणि दोघांचं अजून बोलणं बंद आहे. कारण आमच्या अध्यक्षाला मान आहे: पहिल्या रांगेतली खुर्ची, वर्तमानपत्रात फोटो, नगरसेवकाच्या हातून शाल, लग्नपत्रिकेत नावापुढे पद. त्या बदल्यात तो चावी सांभाळतो, भाड्याचा पाठपुरावा करतो, पालिकेत चार हेलपाटे घालतो. मी या मानपानाला पूर्वी खूप हसायचे. आता वाटतं, त्या शालींच्या जोरावरच आमचा संघ इतकी वर्षं उघडा राहिला. तिकडच्या एखाद्या शाखेला खरंच खजिनदार मिळत नसेल तर आमच्या कपाटात पडलेल्या शालींपैकी पाच-सहा पाठवायला आम्ही तयार आहोत.

काही ब्रिटिश शाखांनी शोधलेले उपाय मात्र आपणही उचलावेत असे आहेत. एक पद दोघांनी मिळून सांभाळायचं, म्हणजे एक जण मुलीकडे परदेशी गेला तरी काम अडत नाही. मोठ्या पदाचे तुकडे करायचे: वर्गणी एकीकडे, सभागृह दुसऱ्याकडे, वार्तापत्र तिसरीकडे. पुढच्या वर्षीच्या खजिनदाराला या वर्षी नुसतं शेजारी बसवायचं. आणि ठरावीक वर्षांनी पद सोडायचं हा नियम. या नियमामुळे त्यांची माणसं कमी पडतात, पण तोच नसल्यामुळे आमच्या शेजारच्या संघात एकच गृहस्थ अठरा वर्षं अध्यक्ष आहेत आणि हिशेबाची वही त्यांच्या घरी आहे. या दोन टोकांतलं कुठलं बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या जूनपासून

आम्ही काय केलं, तेही सांगते. फार काही नाही. महिन्यातला एक गुरुवार व्याख्यानाशिवाय ठेवायचा, असा ठराव मी मांडला. विरोध झाला, कारण वक्ते सहा महिने आधी ठरलेले असतात. एका काकांनी विचारलं, "मग त्या दिवशी पाहुण्याला काय सांगायचं?" पाहुणाच नसेल, हे समजावायला दहा मिनिटं गेली. शेवटी तीन महिन्यांपुरती परवानगी मिळाली. परवानगी देणारे ठराव आमच्याकडे नेहमी तीन महिन्यांचेच असतात.

फळ्यावर एक कागद लावला. डावीकडे 'मला काय शिकवता येईल', उजवीकडे 'मला काय शिकायचंय'. पहिले दोन आठवडे उजवी बाजू भरत गेली: पेटी, इंग्रजी बोलणं, बुद्धिबळ, मोबाईलवर पैसे पाठवताना फसवणूक कशी ओळखायची, मोडी लिपी. डावीकडे कोरं. सगळे निवृत्त शिक्षक, अभियंते, बँकवाले रोज त्या कागदासमोरून चहाकडे जात होते. लोकांना आपल्याला काही येतं हे ठाऊक नसतं, किंवा लिहायची लाज वाटते. व्यासपीठावर जाऊन बोलायला जो लाजत नाही तोसुद्धा फळ्यावर स्वतःचं नाव लिहायला लाजतो.

तिसऱ्या आठवड्यात डावीकडे पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरात एक ओळ आली: 'घड्याळ दुरुस्ती, फक्त चावीची.' खाली नाव नव्हतं. अक्षर मी ओळखलं, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ, जे सहा वर्षांत व्याख्यानानंतर एकदाही काही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या ओळीखाली निळ्या शाईत कोणी तरी लिहिलं होतं, 'माझ्याकडे सासऱ्यांचं एक आहे. आणू का?'